पाठीतलं पाणी आणि पुण्याचा रिपोर्ट

जुलै उजाडून पावसाच्या पहिल्या दोन-चार दमदार सरी पडून गेल्या, की वडोदऱ्यात एक चर्चा ठरल्यासारखी सुरू होते. छोटा उदेपूरकडून नाहीतर पंचमहालातून ताप आणि आकडी घेऊन एखादं मूल शहरात येतं, दिवसभरात जातं, आणि त्याच्या पाठीतल्या पाण्याचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणाऱ्या द्रवाचा, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडचा रिपोर्ट मागाहून येतो. मग रावपुऱ्यापासून दांडिया बाजारापर्यंत दोन तट पडतात. एक म्हणतो, तपासणी इथल्या इथं झाली असती तर मूल वाचलं असतं. दुसरा म्हणतो, रिपोर्ट तासाभरात आला असता तरी काय केलं असतं, या विषाणूंवर औषध आहे कुठं? दोघांचा संताप खरा आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासताच धरून ठेवली आहे, ती म्हणजे निदान म्हणजे प्रयोगशाळेतून येणारा कागद. माझं म्हणणं असं, की मेंदूच्या विषाणूसंसर्गाचं निदान रुग्ण दारात आल्यावर पहिल्या सहा तासांत खाटेजवळ घडतं किंवा बिघडतं. तिथं जे चुकतं ते पुण्याची प्रयोगशाळा वडोदऱ्यात आणून ठेवली तरी दुरुस्त होत नाही.

आधी शब्दाचाच घोळ पाहू. मराठीत आपण ‘मेंदूज्वर’ म्हणतो, शेजारी ‘मगजनो ताव’ म्हणतात, आणि दोन्ही शब्दांत दहा वेगळे आजार कोंबलेले असतात. सरकारी नोंदीत त्याला ‘अॅक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम’, थोडक्यात एईएस म्हणतात. अचानक आलेला ताप आणि त्यासोबत शुद्धीत फरक किंवा नव्यानं आलेली आकडी, एवढीच त्याची व्याख्या. लहान मुलांना नुसत्या तापानं येणारी साधी आकडी त्यातून वगळलेली असते. म्हणजे एईएस हे आजाराचं नाव नाही, एकही रुग्ण हुकू नये म्हणून टाकलेलं ते मोठं जाळं आहे. २०२४ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात काय झालं ते आठवा. हिंमतनगरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शंका घेतली, नमुने पुण्याला गेले, चांदीपुरा विषाणू सापडला आणि आठवड्याभरात गुजरातभर एकच नाव झालं. (ते नावही ‘चांदीपुरम’ असं छापलं जात होतं, जणू दक्षिणेतलं एखादं तीर्थक्षेत्र. चांदीपुरा नागपूरजवळचं, १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांत हा विषाणू पहिल्यांदा मिळाला.) जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत एईएसचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी चांदीपुरा सिद्ध झाला ६४ जणांत, आणि त्या ६४ मधले ६१ गुजरातचे. मग उरलेले १८१ कशाचे होते? या प्रश्नावर आपल्या चर्चेत कुणी पाच मिनिटंही घालवली नाहीत.

ही गफलत आपण पहिल्यांदा करत नाही. २००५ मध्ये गोरखपूर भागात हजारावर मुलं दगावली. जपानी मेंदूज्वर हे नाव ठरलं, पुढच्या वर्षी लसीकरण सुरू झालं आणि ते आवश्यकच होतं. जपानी मेंदूज्वर कमी झाला, तरी दर पावसाळ्यात वॉर्ड भरतच राहिले. जवळजवळ दहा वर्षांनी त्या मुलांच्या रक्तात स्क्रब टायफस नीट शोधला गेला, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांमागे तोच असल्याचं दिसू लागलं. हा आजार विषाणूचा नव्हे, जिवाणूचा. गवतातल्या बारीक किड्याच्या डिंभकाच्या चाव्यातून तो होतो आणि डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन या स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात येतो. मुझफ्फरपूरला तर संसर्गच नव्हता. रात्री उपाशी झोपलेल्या कुपोषित मुलांनी लिचीच्या बागेत पडलेली फळं खाल्लेली, फळातल्या विषद्रव्यांनी शरीराची साखर तयार करण्याची वाट अडवलेली, आणि पहाटे मूल आकडी देऊन बेशुद्ध. २०१४ मध्ये व्यवस्थित तपास होईपर्यंत विषाणूचाच शोध चालला होता. तिथं निदान करणारं यंत्र बोटाएवढ्या पट्टीचं ग्लुकोमीटर होतं, आणि औषध म्हणजे शिरेतून साखरेचं पाणी.

म्हणून ‘कोणता विषाणू?’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की आत्ता, या तासाला, बरं होण्याजोगं काही माझ्या हातून निसटतंय का? याची उत्तरं महागडी नाहीत. श्वास आणि आकडी सांभाळल्यावर लगेच बोट टोचून साखर पाहायची. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज, वजनाच्या दर किलोला २ ते ५ मिली. मलेरियाची पट्टी आणि काचेवरचा रक्ताचा थेंब, कारण फाल्सिपॅरम मलेरिया मेंदूत शिरला की हुबेहूब असाच दिसतो. कपडे पूर्ण उतरवून काखेत, जांघेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली काळी खपली आहे का ते बघायचं, कारण स्क्रब टायफसची ती सही न दुखणारी असते आणि आईच्याही नजरेतून सुटते. मान ताठ आहे का, हर्पिस विषाणूच्या मेंदूदाहात दिसतो तसा वागण्या-बोलण्यातला विचित्र बदल आकडीच्या आधी दोन दिवस होता का, शरीराची एकच बाजू लुळी आहे का, हे विचारायचं. आणि ताप नेमका कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी आला, ते केसपेपरवर लिहायचं. ‘दोन-तीन दिवसांपासून’ असं नाही, तारीख. तिचं महत्त्व पुढे कळेल.

आता पाठीतल्या पाण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त निदानं इथंच बुडतात. ‘पाठीतून पाणी काढलं की पोर पांगळं होतं’ ही समजूत वाड्यातल्या सुशिक्षित घरातही आहे आणि छोटा उदेपूरकडच्या कवांटच्या पाड्यावरही. नातेवाईक सही देत नाहीत, तरुण डॉक्टर फार आग्रह धरत नाहीत, आणि तपासणी ‘उद्या बघू’ वर जाते. या भीतीत सत्याचा अंश आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मेंदूला मोठी सूज असेल, शुद्ध झपाट्यानं हरपत असेल, बाहुल्या असमान असतील, एक बाजू लुळी असेल, तर खालून पाणी काढल्यानं वरचा मेंदू कवटीच्या भोकात सरकून जीव जाऊ शकतो. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) ४०-५० हजारांच्या खाली असतील तर मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी सुई थांबवलीच पाहिजे आणि आधी सीटी स्कॅन केला पाहिजे. पण हे अपवाद आहेत, आणि आपण अपवादाला नियम करून टाकलं आहे.

पांगळेपणाचं म्हणाल तर शरीररचना बघा. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळात तिसऱ्यापर्यंत येतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीत जाते. तिथं रज्जू नसतो, पाण्यात तरंगणारे मज्जातंतूंचे धागे असतात आणि ते सुईपुढून बाजूला सरकतात. पाणी संपण्याची भीतीही तशीच. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी १२५ ते १५० मिली असतं, आणि शरीर ते दिवसाला सुमारे ५०० मिली नव्यानं बनवतं. तपासणीला काढलेले १० मिली अर्ध्या तासात भरून निघतात. मुलातून तर आपण तीन-चार मिलीच घेतो. एक जुनी आठवण इथं करून द्यावीशी वाटते. १९८० च्या दशकापर्यंत हर्पिसच्या मेंदूदाहाची खात्री करायला कवटीला भोक पाडून मेंदूचा तुकडा काढत असत. त्या काळच्या डॉक्टरांना विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आजची पीसीआर तपासणी आणि कमरेतली एक बारीक सुई मिळाली असती, तर त्यांनी ती ‘उद्या बघू’ वर टाकली असती का?

सुई वेळेवर गेली तरी काम निम्मंच होतं. पाणी काढण्याच्या अगोदर रक्तातल्या साखरेचा नमुना घ्यायचा राहून जातो, आणि मग पाण्यातली साखर ४० आली तर ती कमी म्हणायची की ठीक, हे कुणालाच सांगता येत नाही. रक्तात ६० असताना ४० म्हणजे ठीकच. रक्तात १४० असताना ४० म्हणजे क्षयरोग किंवा जिवाणूचा संशय. पांढऱ्या पेशी नळीत तासाभरातच फुटू लागतात आणि दोन तासांत त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी, निम्म्यावर येतात. वॉर्डबॉयची पाळी बदलेपर्यंत नळी टेबलावर पडून राहिली की जिवाणूचा आजार विषाणूसारखा दिसायला लागतो. सगळ्यात घातक सवय म्हणजे सगळ्या नळ्या एकाच बर्फाच्या डब्यात टाकणं. जिवाणूंच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीची, नळी फ्रिजमध्ये ठेवायची नसते, थंडीनं काही जंतू मरतात आणि कल्चर कोरं येतं. विषाणूची नळी मात्र २ ते ८ अंशांवरच हवी, आणि दोन दिवसांहून उशीर होणार असेल तर उणे ७० वर. एकाच सुईतून आलेल्या पाण्याच्या दोन नळ्यांना दोन वेगळी वागणूक लागते. छोटा उदेपूरहून शंभर किलोमीटर गाडीतून, दुपारच्या उन्हात, खिशात ठेवून आलेल्या नळीत विषाणू सापडला नाही, तर दोष पुण्याचा कसा?

आणि आता ती तारीख. आपल्या चर्चेत ‘निगेटिव्ह’ हा शब्द निकालासारखा वापरला जातो. निगेटिव्ह कशात आणि कितव्या दिवशी, हे विचारल्याशिवाय त्याला काहीच अर्थ नाही. चांदीपुरा आणि जपानी मेंदूज्वर हे याचं उत्तम जोड-उदाहरण आहे, कारण दोघांना नेमक्या उलट तपासण्या लागतात. चांदीपुरात मूल ताप आल्यापासून २४ ते ४८ तासांतही दगावू शकतं. २००४ मध्ये पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत आलेल्या साथीत शंभरातली सुमारे ७८ मुलं गेली. इतक्या वेळात शरीर विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवूच शकत नाही, म्हणून इथं विषाणूचा आरएनए शोधणारी आरटी-पीसीआर हवी, आणि तीही पहिल्या दिवसाच्या नमुन्यावर. जपानी मेंदूज्वरात नेमकं उलट. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो, पीसीआर कोरी येते, आणि निदान पाण्यातल्या आयजीएम, म्हणजे संसर्गात सुरुवातीला बनणाऱ्या, प्रतिपिंडांवर करावं लागतं. ती आजाराच्या तिसऱ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान उगवतात. दुसऱ्या दिवशीचं आयजीएम निगेटिव्ह असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की दहाव्या दिवशी पुन्हा तपासा. रक्तातलं आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी सावध राहावं लागतं. ते लसीचं असू शकतं, लक्षणांविना होऊन गेलेल्या जुन्या संसर्गाचं असू शकतं, डेंग्यूच्या प्रतिपिंडांची गल्लतही असू शकते. म्हणून पाण्यातल्या आयजीएमला वजन जास्त. हर्पिसची पीसीआर इतकी चांगली, तरी पहिल्या तीन दिवसांत खोटी निगेटिव्ह येते. संशय दाट असेल तर तीन ते सात दिवसांनी पुन्हा पाणी काढायचं असतं. केसपेपरवर तापाची तारीखच नसेल, तर प्रयोगशाळेतल्या माणसानं कोणती तपासणी लावावी? तो दोन्ही लावतो, दोन्ही अर्धवट पाण्यात, आणि दोन्ही कोऱ्या येतात.

खासगी रुग्णालयांत हल्ली एक नवा तोडगा दाखवला जातो, तासाभरात चौदा जंतू तपासणारं पॅनेल. त्याची बाजू मी मोकळेपणानं मान्य करतो. ०.२ मिली पाण्यात हर्पिस, एन्टेरोव्हायरस, न्यूमोकॉकस, क्रिप्टोकॉकस एका झटक्यात तपासले जातात आणि कित्येक मुलांची अनावश्यक औषधं त्यामुळे थांबली आहेत. पण ते पॅनेल ज्या देशांसाठी बनलं, त्या देशांचे जंतू त्यात आहेत. जपानी मेंदूज्वर त्यात नाही, चांदीपुरा नाही, डेंग्यू नाही, स्क्रब टायफस नाही, क्षयरोगही नाही. पंचमहालातल्या मुलाच्या पॅनेलवर चौदा वेळा ‘नाही’ छापून आलं, की नातेवाईकांना सांगितलं जातं, ‘इन्फेक्शन नाही’. खरं तर इथल्या आजारांबद्दल त्या कागदानं तोंडच उघडलेलं नसतं.

आता दुसऱ्या तटाचा मुद्दा, आणि तो वजनदार आहे. औषध नसेल तर नाव कशाला? चांदीपुरावर औषध नाही, जपानी मेंदूज्वरावर नाही, एन्टेरोव्हायरसवर नाही. श्वास, साखर, आकडी, मेंदूची सूज सांभाळणं एवढंच हाती. हे खरं आहे. तरी हा युक्तिवाद दोन ठिकाणी कोसळतो. पहिलं ठिकाण हर्पिस. उपचाराविना त्यात शंभरातले सुमारे ७० दगावतात. अॅसायक्लोव्हिर हे त्यावरचं औषध वेळेवर सुरू झालं तर हे प्रमाण २०-३० किंवा त्याहून खाली येतं, आणि जे वाचतात त्यांची स्मरणशक्ती औषध कितव्या दिवशी सुरू झालं यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्येच मार्गदर्शन केलं, की विषाणूजन्य मेंदूदाहाचा संशय येताच अॅसायक्लोव्हिर आणि जिवाणूंवरचं सेफ्ट्रियाक्सोन रिपोर्टची वाट न बघता सुरू करा. अॅसायक्लोव्हिर आधी दिल्यानं हर्पिसची तपासणी बिघडते, हा धाकही खोटा. पहिल्या काही दिवसांत पीसीआर बहुतेकदा पॉझिटिव्हच राहते. सीटीला पाठवायचं असेल तर पहिला डोस देऊन पाठवा. मूत्रपिंडाची काळजी रास्त आहे. सलाइनमध्ये मिसळून तासभर सावकाश सोडलं, शरीरात पाणी कमी पडू दिलं नाही, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पाहत गेलं, तर ती आवरते. तीन दिवसांनंतरच्या नमुन्यात हर्पिस नाही, एमआरआयमध्ये कानशिलाजवळचा भाग स्वच्छ आणि दुसरं कारण सापडलं, की औषध थांबवायचं. सापडलाच तर मात्र पूर्ण १४ ते २१ दिवस, शिरेतूनच. सातव्या दिवशी मूल हसायला लागलं म्हणून गोळ्यांवर घरी पाठवणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

दुसरं ठिकाण गावाचं, म्हणजे पुढचं मूल आजारी पडू नये याचं. आपल्याकडचे जुने लोक इथं वडोदऱ्याजवळच्या आजवा तलावाचा दाखला देतात. सयाजीराव महाराजांनी १८९० च्या दशकात आजव्याचं स्वच्छ पाणी शहरात आणलं, तेव्हा प्रत्येक रुग्णाच्या पटकीची तपासणी करत बसले होते का? दाखला मनाला भिडतो, आणि पटकीपुरता बरोबरही आहे, कारण पाण्यातून येणारं सगळं त्या एका बांधानं अडवलं. मेंदूज्वराच्या वाटा मात्र एक नाहीत. जपानी मेंदूज्वर भातखाचरातल्या डासांतून येतो, एन्टेरोव्हायरस हातातून आणि पाण्यातून, स्क्रब गवतातून, हर्पिस माणसाच्या स्वतःच्या मज्जापेशीत झोपलेला असतो. चांदीपुरा येतो वाळूमाशीतून. ही माशी दोन-तीन मिलिमीटरची. साचलेल्या पाण्यात ती वाढत नाही. मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर शेणमातीत वाढते. टायरमधलं पाणी ओतून आणि गल्लीत धूर सोडून तिचं फारसं काही बिघडत नाही. भेगा लिंपाव्या लागतात, भिंतींवर फवारणी करावी लागते. १९९८-९९ मध्ये मलेशियात हीच चूक देशपातळीवर झाली. डुकरं पाळणाऱ्यांत मेंदूदाह पसरला, जपानी मेंदूज्वर म्हणून लस टोचली गेली, डासांवर धूर सोडला गेला, आणि माणसं मरतच राहिली. शेवटी निपाह नावाचा नवाच विषाणू सापडला. साथ आटोक्यात येईपर्यंत शंभरावर बळी गेले. तिथं घाईनं मारलेली चुकीची चिठ्ठी ‘कारण अजून कळलं नाही’ या कबुलीपेक्षा जास्त घातक ठरली.

मग शहरात प्रयोगशाळा हवी की नको? हवीच, यात मला शंका नाही. कोविडनं आरटी-पीसीआरची यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत पोचवली, चांदीपुराचे प्रायमर (पीसीआरला तो विषाणू ओळखता येण्यासाठी लागणारं रसायन) आणि प्रशिक्षित हात तिथं पोचवणं अवघड काम नाही, आणि पुण्याकडे खात्रीसाठीच नमुने जावेत. पण त्याच्याआधी मागायच्या गोष्टी दुसऱ्या आहेत. दाहोद, अलिराजपूर, छोटा उदेपूरकडून मुलं ज्या पहिल्या दवाखान्यात जातात, तिथं रविवारी रात्री दोन वाजताही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेत का? २२ गेजची, आत स्टायलेट (बारीक सळई) असलेली सुई, चार निर्जंतुक नळ्या, मलेरियाची पट्टी, अॅसायक्लोव्हिरच्या कुप्या, बर्फाचा एक डबा आणि बर्फाविना दुसरा? तापाच्या तारखेचा रकाना असलेला फॉर्म? आणि पाणी काढायला घाबरत नाही असा एक डॉक्टर? आमदारांना निवेदन द्यायचंच असेल, तर त्यात हेही लिहा.

आणखी एक नळी राहिली, पाचवी. तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या आणि मूलही गेलं, तर उरलेलं अर्धा मिली पाणी आणि रक्त बहुतेक ठिकाणी सांडून टाकतात. २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत मेंदूदाहाची साथ आली होती. ६६ रुग्ण, त्यात दवाखान्यातले कर्मचारीही. त्या वेळी कोणताच जंतू सापडला नाही. काही वर्षांनी जपून ठेवलेले नमुने पुन्हा काढले गेले, तेव्हा १८ पैकी ९ रुग्णांच्या रक्तात निपाहची प्रतिपिंडं मिळाली आणि पाच जणांच्या लघवीत त्याचा आरएनए. निपाह भारतात २०१८ मध्ये केरळात आला असं बरेच जण समजतात; तो त्याच्या सतरा वर्षं आधी येऊन गेला होता, हे त्या गोठवलेल्या नळ्यांमुळे कळलं. २०२४ च्या त्या १८१ पैकी किती जणांची पाचवी नळी आज उणे ७० अंशांवर, नावानिशी आणि तारखेनिशी ठेवलेली आहे?